मी दोह्यात चिनी होतो

दोह्यात मी काही वर्षं चिनी होतो. हसायचं तर हसा. सुरुवातीला मीही हसलोच होतो.

खरं म्हणजे मी मिरजेकडचा. सातव्या वर्षी वडिलांनी तालमीत घातलं आणि मल्लखांबाने मला असं धरलं की पुढे दुसरं काही सुचलंच नाही. राज्याच्या संघात एकदा निवड झाली, तेव्हा ऐन वेळी कावीळ झाली आणि माझ्या जागी दुसरा गेला. मग घरात चार तोंडं, हाताला काम नाही, म्हणून ऐंशीच्या आगेमागे कतारला गेलो. काम इमारतींना लोखंडी नळ्यांची परांची बांधायचं. उंचीची भीती नाही एवढ्याच गुणावर मला घेतलं. करार संपला की दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. ती मी हिवाळ्यात मागून ठेवली होती, कारण राज्य संघाची निवड चाचणी हिवाळ्यात असे. वय उलटत चाललं होतं. ही चाचणी हुकली तर खेळ संपला, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकी त्या वाळवंटात मला काही नको होतं.

पण सराव कुठे करणार? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी परांचीच्या उभ्या नळीवर चढायचो. उन्हात तापलेली नळी मांडीला चटके द्यायची, तरी दसरंग, बगली हे मल्लखांबाचे प्रकार रोज व्हायचेच. माझ्या खोलीत मालवणचा एक ड्रायव्हर होता, तोंडाने तिखट, मनाने लोण्यासारखा. कामगारांच्या कँपच्या मेसमधल्या टीव्हीवर एकदा जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा दाखवली. एक चिनी खेळाडू रिंगांवर असा स्थिर उभा राहिला की मेसमधले मल्याळीसुद्धा चमचे खाली ठेवून बघत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "बघ रे, तुझो भाऊ." मला मात्र हेवा वाटला, सरळ हेवा. त्याला कुणी दुपारच्या सुट्टीत नळीवर चढायला लावत नव्हतं. पुढे तो खेळ सोडून सिनेमात मारामाऱ्या करू लागला, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, वाया गेला बिचारा.

आमची कंपनी एका मोठ्या हॉटेलची नवी बाजू बांधत होती. हॉटेलात चिनी जेवणाचा उत्सव ठरला होता आणि कसरती करणारी मंडळी बाहेरून यायची होती. त्यांना व्हिसा मिळाला नाही. इंग्रज मॅनेजर काळजीत, आणि त्याला खिडकीतून मी दिसलो, नळीवर आडवा.

आमचा फोरमन मल्याळी. तो हसत हसत मला सांगायला आला, "साब पूछता है, चायनीज बनेगा क्या?"

मी एकच अट घातली. हॉलमध्ये खांब उभा करणार ना, तो मला रोज दुपारी सरावाला हवा. मॅनेजर लगेच कबूल झाला. त्या आनंदात मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

ड्रायव्हर चिडला. "हाटेलात नाचणाऱ्याक संघात कोण घेता? हात मोडलो तर काय करशीत?"

"खांब मिळतोय मला, खांब," मी म्हणालो.

खांब कसला, पोलादी नळीच, वर चकचकीत मुलामा. मी दुपारी लंगोट लावून, एरंडेल चोळून सराव करायचो. एरंडेल औषधाच्या दुकानातून आणायचो. दुकानदार इजिप्तचा. दर आठवड्याला बाटली नेणारा हा माणूस अजून मोकळा होत नाही, म्हणून तो बिचारा माझ्याकडे फार दयेने बघायचा. संध्याकाळी मात्र अंगात लाल रेशमी पोशाख, डोक्यावर टोपी, टोपीला शिवलेली वेणी, तोंडाला रंग. मल्लखांब कातडीने धरायचा असतो, रेशमाने नाही, हे मी मॅनेजरला हातवारे करून सांगितलं. लंगोटावर खेळू द्या म्हटलं. तो म्हणाला, कुटुंबं जेवायला येतात. त्याचंही खरंच होतं. मग मी संध्याकाळी तळहातांच्या जोरावर सोपं तेवढं करायचो. लोक टाळ्या वाजवायचे. उत्सव संपला तरी मॅनेजरने मला सोडलं नाही, दर गुरुवारी खेळ ठेवला.

सुट्टी जवळ आली होती. त्या गुरुवारी दुपारी माझा सुईदोरा, तो अवघड प्रकार, असा झाला की वस्ताद असते तर पाठीवर थाप मारली असती. मी खांबाला हात लावला, हात कपाळाला लावला आणि अंघोळीला गेलो. खांब पुसला नाही; एरवी हॉटेलचा पोऱ्या तो चमकवून ठेवायचा, त्या दिवशी तो आला नव्हता. आमच्या तालमीत खांब कुणी पुसत नाही. तेल लाकडात मुरतं, त्यानेच लाकूड राखलं जातं, लहानपणापासून हेच बघितलेलं. पोलादात तेल मुरत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरज कुणाला पडणार होती?

संध्याकाळी वर चढलो, उलटा झालो आणि रेशीम तेलावरून सटकलं. लोकांना वाटलं, हीसुद्धा कसरतच. खांद्यावर पडलो तेव्हाही टाळ्या चालू होत्या.

खांद्याचं हाड जुळलं, पण हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, सही करता येईल, देवाची कृपा माना. परांचीवर असल्या हाताचा काय उपयोग? कंपनीने हात वर केले, तेवढे त्यांचे धड होते. मॅनेजरने मात्र दया केली. शुक्रवारी दुपारच्या जेवणाला दारात उभं राहायचं, त्याच पोशाखात, आणि येणाऱ्यांना कमरेत वाकून नमस्कार करायचा. बाकीचे दिवस पडदे, खुर्च्या, ताटं. एकच नियम: दारात तोंड उघडायचं नाही, नाहीतर मजा जाते.

हिवाळा आला. मी सुट्टी घेतली नाही. गावी जाऊन तालमीच्या दारात काय करणार होतो? ड्रायव्हरने एकदाही "मी सांगितलं नव्हतं?" म्हटलं नाही. तो शब्द त्याने गिळला हे मला दिसायचं आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

मग एका शुक्रवारी अल हिलाल वस्तीतलं एक मराठी कुटुंब जेवायला आलं. साहेब तेलकंपनीतले असावेत. बाईंच्या केसांत कापडी गजरा, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "मम्मी, इज ही रिअली चायनीज?"

कितीतरी महिन्यांनी माझ्यासमोर कुणी बाई मराठीत बोलली. "हो गं. बघ कसा ताठ उभा आहे. खेळाडू असणार पूर्वीचा." मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "यांचं बरं असतं. सातव्या वर्षी मुलांना तालमीत घालतात. आपल्याकडे आहे का असलं काही?"

"कुठलं आपल्याकडे," साहेब म्हणाले. "चला, टेबल जाईल."

माझ्या तोंडात मराठी आली होती. मागे मॅनेजर उभा होता. मी कमरेत वाकलो, शिकवलं होतं तितकं, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.