पाहुण्याच्या दारात पालखी

मी हरिहरेश्वरात पाहुणा आहे. येऊन बरीच वर्षं झाली; पाहुणचार अजून सुरू व्हायचा आहे.

माझं गाव थळ. सकाळी निघालं, आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली, दिघीला उतरवली, की जेवायच्या वेळेला माणूस हरेश्वरात. (हरिहरेश्वर हे पूर्ण नाव इथे फक्त पाटीवर असतं.) पण आमच्या देवळाच्या आळीच्या हिशेबाने थळ म्हणजे सातासमुद्रापलीकडचा मुलूख, आणि मी तिथून आलेला परदेशी! मी इथे जागा घेतली, यात्रेकरूंना उतरायला एकेक खोली स्वतः उभी केली, त्यांना उकडीचे मोदक खाऊ घातले. कोळ्याचा मुलगा, आणि फाटकावर पाटी 'शुद्ध शाकाहारी'! थळच्या किनाऱ्यावर हे सांगितलं, तेव्हा एक चुलतभाऊ हसता हसता होडीतून खाली पडला.

एवढं करूनही आळीत माझं नाव काय? 'पाहुणे.'

"पाहुणे, नळाला पाणी आलं का?" "पाहुणे, तुमची गाडी काढा." मी भडकतो, "अहो, घर आहे माझं इथे!" त्यावर शांतपणे उत्तर येतं, "आहे ना! छान बांधलंय पाहुण्यांनी."

सगळ्यात जास्त लागायचं ते शिमग्यात. गावदेवीची पालखी घरोघर येते. अंगणात चौरंगावर टेकते, घरची बाई ओटी भरते, मग पोरं पालखी नाचवतात. आमच्या डावीकडच्या घरी टेकायची, उजवीकडच्या घरी टेकायची, आणि आमच्या फाटकासमोरून अशी सटकायची, जणू तिथे घर नसून खड्डा आहे! आत माझी बायको सुमन ओटीचं सूप घेऊन उभी. पालखी गेली की मुकाट्याने ते सूप देव्हाऱ्यासमोर ठेवायची. ते मला बघवत नसे. अशा वेळी थळची होळी आठवायची. किनाऱ्यावरचं नाचणं, वाळत्या बोंबलांचा वास, इतकंच काय, कारखान्याचा भोंगासुद्धा! (कधी कधी मी संध्याकाळी फिरायला म्हणून निघतो आणि सुरूच्या बनापलीकडे कुणी मासळी वाळत घातली असेल तिथे वाऱ्याच्या दिशेने उभा राहतो. सुमनला वाटतं, मी सूर्यास्त बघतो.)

शेवटी मी ठरवलं, आपण जन्मभर घासाघीस केली, ती इथे का नको? पालखीचे मानकरी दामूअण्णा. त्यांना देवळाबाहेर गाठलं.

"अण्णा, या वर्षी पालखी माझ्याकडे टेकवा."

"प्रथा नाही, पाहुणे."

"बरं, टेकवू नका. अंगणात उभी करा."

"नाही."

"फाटकात?"

"पाहुणे, ही काय मासळीची पाटी आहे?"

"निदान वळवताना देवीचं तोंड माझ्या घराकडे करा! तेवढ्यानेही चालेल!"

देवीच्या तोंडावरून कुणी भाव केलेला अण्णांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला. मग म्हणाले, "टेकवतो. पण घरात सोवळं हवं. आमच्या आळीचं तुम्हाला ठाऊक आहे."

"अण्णा, माझ्या घरात गेल्या कित्येक वर्षांत माशाचं चित्रसुद्धा आलेलं नाही!"

हे वाक्य बोललो आणि दुसऱ्याच दिवशी थळहून आई आली.

"तू होळीला येत न्हायस, म्हनून मीच आलू," ती म्हणाली आणि पिशवीतून लुगड्यात गुंडाळलेला डबा काढला. झाकण जेमतेम उचललं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोंबील! आमच्याच अंगणातले, कडक उन्हात वाळलेले! पुढच्याच क्षणी दामूअण्णा आठवले.

"आई, बंद कर! उद्या पालखी आहे!"

"मंग? चांगलाच हाय की."

"इथे चालत नाही गं!"

"देवीला चालत न्हाय? समिंदराकाठी बसलीय नं ती?"

मी डबा कपाटात कोंबला, वर गोधड्या रचल्या आणि घरभर इतका धूप जाळला की एक यात्रेकरू आग लागली समजून सामान घेऊन बाहेर पळाला.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजत आले. आणि पालखी थांबली. आमच्या फाटकात! मग अंगणात! मग चौरंगावर टेकली! अख्खी आळी बघत होती. सूप सुमनने ओसरीवर तयार ठेवलं होतं. तांदूळ, नारळ, वरून हिरवा खण. ती सूप घेऊन पुढे झाली आणि मला खणाखालून काहीतरी डोकावताना दिसलं.

शेपट्या.

(आईला नंतर विचारलं. म्हणाली, "देव दारान आला आन् त्याला नुसता नारल? तू येवढा कद्रू कवापासून झालास रं?" आमच्या थळच्या देवीपुढे घरातलं सगळ्यात चांगलं ठेवायची रीत आहे. तिने ती पाळली. एवढंच!)

मी धावलो. "सुमन, सूप दे!" तिला वाटलं, ओटी भरायचा मानसुद्धा हा आता आपल्याकडून घेतो. इतक्या वर्षांनी! तिने सूप सोडलं नाही. मी ओढलं, तिने ओढलं, खण उडाला, आणि बोंबील आकाशात गेले. काही अंगणात पडले, काही चौरंगावर, आणि एक अलगद दामूअण्णांच्या उपरण्यावर जाऊन बसला.

ढोल थांबले. मी गुडघ्यांवर बसून बोंबील वेचू लागलो. संपलं सगळं, मला वाटलं. आता गाशा गुंडाळायचा.

तेवढ्यात ढोलवाल्यांतून आवाज आला, "आजी, थळचं हाय का हे?"

"मंग काय!" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हुंगून बघ!"

पालखी खांद्यावर घेणारी पोरं खालच्या वाडीतली, मासळीवर वाढलेली. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. सगळे दामूअण्णांकडे बघू लागले. अण्णांनी उपरण्यावरचा बोंबील दोन बोटांत धरून उचलला आणि सुपात ठेवला.

"देवीला चालतं," ते हळूच म्हणाले. "पूर्वी ठेवायचे. आमच्या आळीला चालत नाही, म्हणून देवीने सोडलंय." मग त्यांनी पाठ फिरवली. "मी जरा समुद्र बघतो. तोवर काय ते आवरा."

आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही. अण्णा तरी बराच वेळ बघत राहिले. पोरांनी बोंबील खिशात भरले, ढोल कडाडले, आणि पालखी अशी नाचली की उजवीकडचे शेजारी ओटी घेऊन ताटकळले. आई पालखीपुढे नाचली. सुमनही नाचली. मी अजून तुळशीमागे बोंबील शोधत होतो.

पुढच्या वर्षी पालखी आपणहून आमच्या अंगणात आली. मी हात जोडून पुढे झालो. दामूअण्णांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"आजींचं घर ना हे? आजी कुठे आहेत?"

"थळला, अण्णा."

"अरेरे! मग पाहुणे, त्यांना आणायचं नाही का?"

म्हणून यंदा शिमग्याआधी आईला आणायला थळला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच तो होडीतून पडलेला चुलतभाऊ ओरडला, "आले बघा हरेश्वरचे पाहुने!"

मी चिडलो, पण आत काहीतरी खटकन तुटलं. डबा आणि आई गाडीत घालून परत निघालो. आगरदांड्याला बोटीत चढलो. दोन्हीकडे पाणी, मागे थळकडचा किनारा, पुढे हरेश्वरकडचा. मनात म्हटलं, चला, निदान या मधल्या पाण्यावर तरी मी कुणाचा पाहुणा नाही.

बोटीवरचा माणूस काचेशी वाकला. आईला म्हणाला, "आजी, उतरा, सावलीत बसा, आपलीच बोट हाय." मग माझ्याकडे वळला.

"ओ पाहुणे, गाडी जरा मागं घ्या."

मी घासाघीस केली नाही. घेतली मागे.