अक्कांचे मांडे आणि माझी सात पायऱ्यांची यादी

मी काडेपेटी टेबलावर ठेवली आणि अक्कांनी खुर्ची मागे ओढली. काडी अजून पेटीतच होती.

अमळनेर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी काउन्सेलर आहे. मनाला धक्का बसलेल्या माणसांशी बोलून त्यांना त्यातून बाहेर यायला मदत करणं, हे माझं काम. अक्कांच्या घरी गॅसचा भडका उडाला होता. भाजलेला हात बरा झाला. "पण आई चुलाजोगे जात नही," सून म्हणाली. चुलीजवळ फिरकणंच बंद.

आखाजी तीन आठवड्यांवर होती. या सणाला लेकी माहेरी येतात आणि त्यांना मांडे लागतात. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत पातळ करायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. गल्लीत हे अक्कांनाच जमे, म्हणून बायका त्यांच्याच अंगणात जमत. आता अंगण ओस होतं. पाण्याच्या पाइपवरून दोघी शेजारणींनी अबोला धरला होता, आणि तो मिटवणाऱ्या अक्का घरात बसून होत्या.

पहिल्याच दिवशी मी चुकले होते. "काय झालं ते सांगा," म्हटलं, तर अक्कांनी घडाघडा सांगितलं, कुठेही न अडखळता. मी खूश. बाहेर सून म्हणाली, "मॅडम, त्यांना ते पाठ आहे. रोज तीन-चार डाव सांगतात." आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला सगळं गणगोत येतं आणि प्रत्येकजण मायेने 'कसं झालं' विचारतो. न सांगावं तर पाहुण्याचा अपमान. भडका एकदाच उडाला होता, पण अक्का तो रोज नव्याने सोसत होत्या. त्यात मी एक शिकलेली पाहुणी. मला स्वतःचा राग आला.

मी सुनेला सांगितलं, पाहुणे येऊ द्या, पण आल्या आल्या हातात निवडायच्या डाळीचं सूप द्या. निवडायला बसलेली बाई भलतं विचारत नाही. अक्कांसाठी सात पायऱ्यांची यादी केली. याला एक्स्पोजर म्हणतात. भीतीच्या जवळ एकेक पाऊल जायचं, तेही आपल्या मर्जीने. पहिली पायरी काडेपेटी हातात धरणं, सातवी चुलीशी बसणं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी गृहभेटीची परवानगी मागितली.

"गृहभेट की पुरण?" दवाखान्यातले डॉक्टर सर म्हणाले.

"दोन्ही, सर."

डाळ निवडता निवडता बायकांनी अंगण पुन्हा भरलं होतं. अबोला धरलेल्या दोघी एकाच परातीत कणीक तिंबत होत्या. अक्का चौथ्या पायरीवर होत्या, म्हणजे पेटल्या चुलीपासून लांब, ओट्यावर. मी जळगाव शहरात वाढलेली. तरी हौसेने मांडा हातावर घेतला. तो लांबला, लोंबला आणि मधोमध फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याला अक्का ओट्यावरून उतरल्या.

"सरका मॅडम. तुम्हले जमत नही."

त्यांनी माझ्या हातावरून मांडा घेतला, झुलवला, खापरावर टाकला. मग चुलीकडे पाहिलं. तिथेच चुलीशी बसल्या आणि पुढच्या मांड्याची कणीक मागितली. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं. पाचवी आणि सहावी पायरी राहूनच गेली. रिपोर्टमध्ये काय लिहावं, कळेना.

सणानंतर ओपीडीत त्याच गल्लीतली एक बाई आली. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती, आणि हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "अक्कानी धाडं. म्हने, मॅडमले सांग, पन एकच डाव सांग."

मी वही मिटली आणि ऐकायला बसले. यादी नंतर केली.