सातव्या दिवसाचा धडा

त्या वेळी आमची पलटण पीस स्टेशनला, म्हणजे सरहद्दीपासून लांबच्या छावणीत होती. संध्याकाळी सहाला रोल कॉल. हजेरी झाली की सुभेदार साहेब दुसऱ्या दिवसाचे हुकूम वाचत. मार्च महिन्यातल्या एका रोल कॉलला त्यांनी विचारलं, "साइकिल किस किस को आती है?" मी हात वर केला. मला सायकल येत नव्हती.

नागरिकांना हे येडेपणाचं वाटेल म्हणून कारण सांगतो. ट्रेनिंग सेंटरच्या पहिल्याच आठवड्यात उस्तादानं आमच्या तोंडातून 'नहीं आता' हे शब्द काढून टाकले होते. एकानं 'नहीं आता, साब' म्हटलं की अख्ख्या प्लाटूनला मैदानभर फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या. त्यामुळं विचारलं की हात वर जायचा, येतं की नाही ते नंतर बघायचं. दहा वर्षांत मी असाच हात वर करून सुतारकाम अंगावर घेतलं होतं आणि एकदा ढोलही वाजवला होता. या वेळी सुभेदार साहेबांनी माझं नाव कंपनी रनर म्हणून लिहून घेतलं. रनर म्हणजे कंपनीचे कागद आणि निरोप घेऊन दिवसभर सायकलवर फिरणारा जवान. "छुट्टी से आओ, फिर काम सँभालो," ते म्हणाले.

माझ्या शेजारी लान्स नाईक गंगाराम उभा होता. उमरी स्टेशनपासून कोसभरावर त्याचं गाव. आम्ही एकाच दिवशी नांदेडला भरती झालो होतो, म्हणून त्याला माझं सगळं ठाऊक.

"यशवंत, तुला कधीपासून सायकल येऊन राहिली रे?"

"न्हाई येत."

"मग हात कामून वर केला?"

"गेला वर."

तो मेसपर्यंत हसत गेला. जेवताना म्हणाला, "रजा संगंच हाय आपली. माझ्या गावाला ये. सात दिवसांत तयार करतो. न्हाईतर सुभेदार साहेब तुला सायकल डोक्यावर घेऊन पळवतील."

मी जळकोटचा. आमच्या घरात सायकल कधी नव्हती. ज्या वयात पोरं सायकल शिकतात त्या वयात मी गुरांमागं होतो, आणि बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. वीस मैलांचा रूट मार्च मला कधी जड गेला नाही. पण तिशीला आलेल्या गड्यानं चारचौघांत सायकलवरून पडायचं, या विचारानंच माझे कान गरम व्हायचे.

रजेचा कागद घेताना क्लार्कनं रेकॉर्ड बघितलं. त्यात माझा जिल्हा उस्मानाबाद होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, "साब, अब लातूर हो गया." तो म्हणाला, "अर्जी दे दो." मी म्हटलं, रजेवरून आल्यावर देतो.

घरी महिना काढला आणि मे महिन्यात गंगारामच्या गावी गेलो. आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता. गावचं तळं तळापर्यंत सुकलं होतं. गंगाराम म्हणाला, "यापेक्षा चांगलं ग्राउंड आपल्याला सरकारनं बी दिलं नसतं." खरंच होतं ते. सपाट, टणक, ना झाड ना गाडी. मधोमध बायका झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत बसायच्या. प्रेक्षक तेवढ्याच. मी पडलो की त्या पदर तोंडाला लावायच्या.

गंगारामनं प्रोग्रॅम आखला होता, अगदी उस्तादासारखा. पहिला दिवस सायकल हातात धरून चालणं. दुसरा दिवस अर्धं पायडल. तिसऱ्या दिवशी सीट. चौथ्या दिवशी त्यानं मागून कॅरिअर धरलं आणि पळायला लागला. "धरलंय, धरलंय, म्होरं बघ!" मी म्होरं बघत राहिलो. जरा वेळानं त्याचा आवाज लांबून आला तेव्हा कळलं की गडी केव्हाच मागं राहिलाय. त्यासरशी मी पडलो. पण त्या दिवसापासून सायकल मला यायला लागली. सहाव्या दिवशी मी तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. इतका आनंद मला पहिली फीत लागली तेव्हाही झाला नव्हता.

एकच गोष्ट जमेना. सपाट जमिनीवरून चढणं. एक पाय पायडलवर टाकून, दोन ढांगा पळून, दुसरी टांग मागून फिरवायची, हे मला साधत नव्हतं. मला चढायला ओटा किंवा दगड लागायचा. गंगारामनं ते सातव्या दिवसावर ठेवलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी त्याच्या सासुरवाडीहून निरोप आला. बायको कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, तिला कळा सुरू झाल्या होत्या. गाव पंधरा किलोमीटरवर. गंगाराम सकाळच्या एसटीनं निघाला. सायकल माझ्यासाठी ठेवून गेला. जाताना म्हणाला, "फेऱ्या मारत राहा. परवा आलो की चढणं शिकवतो."

दुसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी पोस्टमननं तार आणली. गंगारामच्या नावाची. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. माझी तार जळकोटला गेली असणार हे उघड होतं. मनमाडकडची गाडी उमरीला चार चाळीसला. ती चुकली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. गंगारामचे वडील, बापूराव, तार हातात घेऊन उभे राहिले. गावातले धडधाकट लोक सगळे दुष्काळी कामावर गेलेले. एसटी संध्याकाळपर्यंत नव्हती. पायी जाऊन यायला वेळ पुरत नव्हता.

"मामा, मी जातो," मी म्हटलं.

"तुला येती का सायकल रस्त्यावर?"

"येती," मी म्हटलं. पुन्हा तेच. "तुम्ही गंगारामची पेटी घेऊन गाडीबैलानं स्टेशनला या."

बारा वीसला त्यांच्या ओट्यावरून मी सायकलवर बसलो. बापूरावांनी मागून ढकललं. मनात एकच, थांबायचं नाही. थांबलो तर चढता येणार नाही. पाण्याच्या टँकरभोवती बायापोरांची गर्दी होती, मी घंटी वाजवत, "बाजूला व्हा! बाजूला!" ओरडत त्यातून गेलो. एक घागर पाडली. मागून शिव्या आल्या, त्या हक्काच्या होत्या. पुढं शेळ्यांचा कळप. त्यातूनही गेलो. आठ किलोमीटरवर चेन पडली आणि उतरावं लागलं.

चेन चढवली. आता सायकलवर कसं चढू? दोन्ही बाजूंना सपाट माळ. दोनदा पळत चढायला गेलो, दोनदा पडलो, गुडघा फुटला. मग सायकल हातात धरून पळत सुटलो. अर्धा किलोमीटर गेल्यावर रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड दिसला. त्याच्यावर पाय देऊन चढलो. त्या दगडाला मी तेव्हा मनातल्या मनात सॅल्यूट केला होता.

एक पन्नासला गंगारामच्या सासऱ्याच्या कुंपणात घुसून थांबलो. बाभळीचं कुंपण होतं. काट्यांतून मला गंगारामनंच ओढून काढलं. तो तोंडभर हसत होता. "एकटा आला? रस्त्यानं? शाबास रे गड्या!" मग म्हणाला, "पोरगी झाली. पहाटंच."

मी खिशातून तार काढून दिली. त्यानं वाचली. घड्याळ बघितलं.

"चार चाळीसची मिळती का?"

"मिळती."

"चल मग."

त्यानं अजून लेकीला बघितलं नव्हतं. त्यांच्यात पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, अशी रीत. तो दारापासून चार पावलांवर उभा राहून हाक मारून म्हणाला, "कमल, हुकूम आलाय. निघून राहिलो." मग सासूबाई सूप घेऊन उंबऱ्यापाशी आल्या. सुपात पोर. त्या रीतीच्या फार कडक बाई होत्या, पण त्यांनी स्वतः सूप उंबऱ्याबाहेर धरलं. गंगारामनं पोरीच्या कपाळाला एक बोट लावलं. मिनिटभर. मी कुंपणाकडं तोंड करून काटे काढत बसलो.

परत येताना तो सायकल मारत होता, मी कॅरिअरवर. किलोमीटरच्या त्या दगडापाशी मी त्याला दाखवलं, इथून चढलो म्हणून. तो इतका हसला की सायकल डगमगली.

"चढणं राहिलं तुझं."

"राहिलं."

"पुढच्या रजेला. पक्कं."

चार पंचवीसला स्टेशन. बापूराव पेटी घेऊन उभे होते. गाडी वेळेवर आली. माझी पेटी जळकोटलाच राहिली, मी अंगावरच्या कपड्यांनिशी चढलो. माझी तार उस्मानाबादला फिरून वीस दिवसांनी घरी पोचली, हे पुढं पत्रातून कळलं.

पलटण वर बर्फात निघाली होती. जे वेळेत पोचले त्यांची पहिली तुकडी झाली. उशिरा आलेले खाली बेसला राहिले. आम्ही दोघं पहिल्या तुकडीत. मी कंपनी रनर झालो, पण तिथं सायकलच काय, खेचराला पुरेल एवढीही वाट नव्हती. माझं खोटं कधी उघडं पडलं नाही.

चौथ्या महिन्यात, पहाटे पाच चाळीसला, सात जणांची पेट्रोल पार्टी पोस्टवरून गस्तीला निघाली. लान्स नाईक गंगाराम तिच्यात होता. मी कंपनी हेडक्वार्टरला रेडिओ सेटजवळ होतो. सहा पंचवीसला वरून मोठा आवाज झाला. ऑपरेटर बोलू लागला.

"अल्फा वन, अल्फा वन, रिपोर्ट, ओव्हर."

"अल्फा वन, जवाब दो, ओव्हर."

सात मिनिटांनी उत्तर आलं. "चार बाहर. तीन दबे हैं. ओव्हर."

आम्ही दोन दिवस फावड्यांनी आणि हातांनी बर्फ उपसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गंगाराम सापडला.

त्यानंतर मी दर रजेला आणि पेन्शनवर आल्यावर दर दिवाळीला कमलवहिनींकडं जात होतो. त्या सासऱ्यांजवळ राहून गावच्या अंगणवाडीत काम करायच्या. त्यांची लेक उषा नऊ वर्षांची झाली त्या साली मी त्यांच्यासमोर बोललो. "वहिनी, त्या दिवशी मी वाटेत पडून राहिलो असतो तर गंगारामची गाडी चुकली असती. तो खाली बेसला राहिला असता."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "मला ठाऊक हाय, भाऊजी. सायकलवर तुम्ही आले तेव्हा आत पडल्या पडल्या मला घंटी ऐकू आली होती. पहिली दोन वर्षं तुमचं तोंड बघू वाटत नव्हतं."

"मग चहा कसा करून देत होता?"

"त्यांचं नाव घेऊन हसणारं दुसरं कोण यायचं इथं?" तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "पोरगी सायकल सायकल करून राहिली. तुम्हीच शिकवा तिला."

सायकल तीच होती, बापूरावांनी जपलेली. तळ्यात त्या साली थोडं पाणी होतं, म्हणून कडेच्या कोरड्या पट्ट्यावर शिकवलं. चौथ्या दिवशी मी कॅरिअर धरून पळालो, "धरलंय, धरलंय, म्होरं बघ," म्हणत सोडून दिलं. ती गेली सरळ. मी तिथंच उभा राहून रडलो. ते कुणी बघितलं असेल तर असो.

चढायला मी तिला दगडावरूनच शिकवलं, मला तेवढंच येत होतं. दोन दिवसांनी ती आपली आपण, एक पाय पायडलवर टाकून, दोन ढांगा पळून, टांग फिरवून चढली. "काका, बघा, सोपं हाय! मी शिकवू तुम्हाला?"

मी नको म्हटलं.

आता मी लातूरला राहतो. भाजी आणायला, पेन्शनच्या कामाला अजून सायकलच वापरतो. माझ्या फाटकाशी एक दगड पुरून ठेवलाय, गुडघ्याएवढा. नगरपालिकेचा माणूस दोनदा म्हणाला, आजोबा, हा दगड काढा, रस्त्यात येतो. शेजारीही विचारतात, एवढी वर्षं सायकल चालवता, पळत चढायला का शिकत नाही? मी त्यांना सांगतो, ते मला लान्स नाईक गंगाराम शिकवणार आहे.