येते हं

पनवेलकडच्या कोन गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात दरवर्षी मुंबईहून नर्सिंगच्या मुली चौदा दिवसांसाठी शिकायला येत. गावाचा नकाशा काढायचा, तक्ते रंगवायचे, फोटो काढून घ्यायचे की संपलं. तिथल्या नर्स शशिकलाबाई म्हणत, "यांची हौस होते, माझ्या डोक्याला ताप."

ब्याण्णव साली मात्र वल्लरी आली. वीटभट्टीवरच्या साळूचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते. आधीची दोन्ही बाळं झोपडीतच गेलेली. दवाखान्यात चल म्हणून शशिकलाबाईंनी जिवाचं रान केलं, पण साळू ढिम्म हलेना. वल्लरी रोज भट्टीवर जाऊन तिच्याशेजारी चिखलात बसली, वेड्यावाकड्या विटा थापून तिने स्वतःचं हसं करून घेतलं. तेराव्या दिवशी साळू हो म्हणाली. शशिकलाबाईंना आधी हेवा वाटला, खोटं कशाला बोला? मग त्या रडल्या.

शेवटच्या दिवशी जीप हॉर्न देत होती. साळूने विचारलं, "माज्या बालंतपनाला तू येशील ना, बाय?"

गडबडीत वल्लरीने हात हलवला. "येते हं!"

निघताना 'जाते' म्हणू नये, एवढंच त्या पोरीला घरी शिकवलेलं. साळूने ते उत्तर म्हणून धरलं.

शशिकलाबाईंनी कॉलेजला पत्र घातलं, एका दिवसापुरतं वल्लरीला पाठवा. उत्तर आलं, तिचे प्रशिक्षणाचे तास पूर्ण झालेत. पंधरवड्याने कळा सुरू झाल्या, तेव्हा बाई रिक्षा घेऊन भट्टीवर धावल्या.

"ती येते बोलली हाय. ती आल्याबिगर मी नाय येनार."

"अगं, जाताना तसं म्हणायची रीत असते!"

"मंग खोटं कशाला बोलतात?"

दुपारी साळूला झटके आले, तेव्हा कुठे नवऱ्याने तिला उचलून रिक्षात घातलं. पनवेलच्या वाटेवरच ती गेली. बाळही गेलं. वल्लरीच्या फॉर्मवर 'काम समाधानकारक' असं लिहून बाईंनी सही कधीच केली होती, आणि ते खोटंही नव्हतं.

पुढच्या वर्षी नवी तुकडी आली. चौदाव्या दिवशी एक मुलगी भट्टीवरच्या बायकांना म्हणाली, "येते हं!"

"जाते म्हण," शशिकलाबाई खेकसल्या.

मुलीने जीभ चावली. "इश्श, बाई! असं अभद्र कसं बोलायचं?"

जीप सुरू झाली. मागच्या फळीवरून सगळ्याजणी हात हलवत ओरडल्या, "येतो हं!"