केगमागची कोथिंबीर

ग्लासात तळाला बोटभर बिअर, वर नुसता फेस. देशपांडे काका तो ग्लास माझ्या नाकासमोर धरून उभे होते.

"हे काय आहे?"

"फेस," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. डॉक्टर होतो मी, आंधळा नव्हतो."

अमेरिकेतल्या हर्नडनमधलं त्यांचं गराज. होमब्रूचं सामान विकणाऱ्या दुकानात मी काम करते, घरी बिअर बनवणाऱ्यांच्या तक्रारी सोडवायला जाते. संध्याकाळी काकांचे होणारे व्याही येणार होते. तेही घरीच बिअर बनवणारे. काकांनी त्यांच्यापुढे भरपूर फुशारकी मारून ठेवली होती. आणि काकूंनी बजावलं होतं, हाही केग, बिअरची ही स्टीलची टाकी, बिघडला तर गराजमधला फ्रिज भाजीला.

निघताना आमचा मालक म्हणाला होता, "नवा रेग्युलेटर विकून ये." याच वृत्तीचा मला संताप येतो. रेग्युलेटर म्हणजे केगमध्ये गॅस किती दाबाने सोडायचा ते ठरवणारी चावी. पण गार बिअर गॅस धरून ठेवते, कोमट बिअर सोडून देते, तोच फेस. म्हणजे आधी तापमान, मग दाब. हे सांगून दुकानाचा गल्ला भरत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. मी सांगते. पत्रक छापलंय, ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोंबते.

"काका, दाब किती ठेवलाय?"

"फेस आला, कमी केला. मग बिअर मेली, बुडबुडाच नाही, म्हणून वाढवला. आता तीसवर आहे."

"पत्रक वाचलंत?"

"त्यावर ग्लास ठेवतो मी."

मी थर्मामीटर लावला. फ्रिज पन्नास फॅरनहाइटला होता. हवा होता अडतीसला. आतला थंडाव्याचा डायल पार कमीवर फिरवलेला. मी केग पुढे ओढला. मागे कोथिंबिरीच्या जुड्या, ओल्या कपड्यात गुंडाळून, लहान बाळासारख्या निजवलेल्या.

केग झटपट गार व्हावा म्हणून काका बर्फ आणायला गेले आणि काकू आत आल्या.

"डायल तुम्ही फिरवलात?"

"मग काय करू गं? मागच्या भिंतीला चिकटून गोठते, काळी पडते. इंडियन स्टोअर इथून किती लांब, माहितीये ना?"

"काकू, तुमच्यामुळे बिअर बिघडते."

"हो का," काकू अगदी निरागसपणे म्हणाल्या. "मग फ्रिज मलाच मिळेल."

इतकी पत्रकं वाटली, त्यात या बाईंचा विचारच नव्हता.

सौदा केला. कोथिंबीर डब्यात घालून दाराच्या वरच्या कप्प्यात, तिथे गोठत नाही. डायल मी पूर्ववत केला, त्याला पुन्हा हात नाही. काकांना एक शब्द नाही.

"आणि बिअर चांगली निघाली तर?" मी विचारलं.

"तर फ्रिज त्यांचा. दार माझं."

काका आले. मी टबात बर्फ, पाणी आणि मीठ घालून केग त्यात बसवला. गॅस बंद केला. झाकणावरची कडी ओढून जादा दाब सोडला, थांबले, पुन्हा सोडला. दर वेळी केग फुसकारला की काका एक पाऊल मागे सरकत. दुपार त्यातच गेली. मग दाब बारावर.

संध्याकाळी व्याह्यांनी ग्लास उजेडात धरला. वर दोन बोटं फेस, खाली बारीक बुडबुड्यांची रांग. ते प्यायले आणि पुन्हा नळाकडे वळले. काकूंनी पुढे केलेल्या कोथिंबीर वड्या त्यांनी एकट्यांनी अर्ध्या संपवल्या.

"रेग्युलेटरमध्ये सगळी गंमत आहे," काका त्यांना समजावत होते. "हात हलका लागतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वडी तोंडात कोंबली. सौदा तो सौदा.

तेव्हापासून फेसाची तक्रार घेऊन कोणी दुकानात आलं की मी दाब विचारतच नाही. विचारते, "त्या फ्रिजमध्ये आणखी कोणाचं काय असतं?" रेग्युलेटरचा खप पडलाय. मालक नाराज आहे. असू दे.