आमचे साडू 'नाही' म्हणायला शिकले

पुणे जिल्ह्यात 'हो' हा शब्द आमच्या साडूंइतक्या वेळा दुसऱ्या कुणी उच्चारला असेल, असं मला वाटत नाही. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच ते "व्हय, येतो की!" म्हणून मोकळे होत. कुठं यायचंय, कशाला यायचंय, ही चौकशी मागाहून. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ते शिफ्ट इनचार्ज, राहायला दौंडला, गाव केंदूर, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी मांडवामागच्या आचाऱ्याला ऐकू जावा. या आवाजानंच त्यांचा घात केला. लग्न, साखरपुडा, निवृत्तीचा सत्कार, दशक्रिया, कबड्डीचे सामने, बचत गटाच्या पापड मशीनचं उद्घाटन, जिथं माइक तिथं साडू. शिवाय केंदूरच्या यात्रा कमिटीत, दौंडच्या हाउसिंग सोसायटीत, कंपनीच्या सेफ्टी कमिटीत आणि भाच्याच्या शाळेच्या पालक संघातही ते होते. भाच्याच्याच म्हणतोय मी. स्वतःच्या मुलीच्या शाळेत जायला त्यांना सवड झाली नव्हती. "मला ह्यांच्याशी बोलायचं असंल तर आता मांडवच घालावा लागंल," असं त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हसत हसत म्हणायची. हळूहळू ती हसायची थांबली.

वढू बुद्रुकच्या एका लग्नात तर कहर झाला. सलग तीन रात्रपाळ्या करून साडू मंगलाष्टकं म्हणायला उभे राहिले. तिसरं संपलं आणि चौथं सुरूच होईना. भटजींना वाटलं, यांचा कंठ दाटून आला. नवरीच्या मामांना वाटलं, लाइट गेली. प्रत्यक्षात आमचे साडू माइकचा स्टँड धरून उभ्या उभ्या झोपले होते. स्पीकरमधून एक संथ, गंभीर घोरणं मांडवभर पसरलं आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तेच 'सावधान' समजून अक्षता टाकून दिल्या. जोडपं सुखात आहे. साडूंनी मात्र यातून एवढाच धडा घेतला की लग्नाआधी दोन कप चहा जास्त प्यायचा.

खरा धडा मिळाला तो शिरूरला. त्यांची मुलगी अकरावीत होती, कबड्डी फार सुरेख खेळायची, आणि तिच्या संघाची जिल्ह्याची फायनल आमच्या शिरूरच्या मैदानावर होती. साडूंनी तिला येतो म्हणून शब्द दिला होता. त्याच दुपारी पाटसजवळच्या एका गावालाही, मुलींच्याच कबड्डीची कॉमेंट्री करायला येतो म्हणून शब्द दिला होता. तिकडचं उरकून चौफुला, न्हावरा करत मोटारसायकलवर ते पोचले तेव्हा मैदानावरच्या मॅट गुंडाळायला सुरुवात झाली होती. पोरगी जिंकली होती. शेवटच्या चढाईत दोन गडी बाद करून तिनं सामना फिरवला होता, आणि माझा घसा ओरडून बसला होता. ती बापाजवळ आली, रागावली नाही, रडली नाही. सहज विचारलं, "पप्पा, तिकडं कोण जिंकलं?"

साडू गुंडाळलेल्या मॅटवर बसले. मला म्हणाले, "पाव्हणं, तिकडच्या चौदाच्या चौदा पोरींची नावं माझ्या तोंडात हायती. हिच्या टीममधली एकबी म्हाईत न्हाई."

पुढच्या सुट्टीला ते डायरी घेऊन आमच्याकडं आले. आम्ही दोघांनी त्यांच्या सगळ्या जबाबदाऱ्या कागदावर उतरवल्या. कागद भरला, पाठही भरली. मग एकेक खोडत गेलो. शेवटी नोकरीखेरीज दोनच उरल्या. एक सेफ्टी कमिटी, कारण "तिथं चुकलं तर मान्सं जात्यात." दुसरी केंदूरची दशक्रिया, कारण "दुःखाच्या घरी कुणीतरी नीट बोलाय पायजे." बाकी सगळ्याला नकार. पण नकार तोंडातून निघेना. मग माझ्या बायकोनं सराव घ्यायला सुरुवात केली. "दाजी, आमच्या हळदीकुंकवाला दोन शब्द बोलाल का?" साडू छाती भरून म्हणाले, "न्हाई!" आणि लगेच, "म्हंजी, किती वाजता?" सातव्या खेपेला कुठं नुसतं 'न्हाई' आलं, तेही शिंकेसारखं.

खरी परीक्षा यात्रा कमिटीच्या आप्पांनी घेतली. ते स्वतः दौंडला आले. मीही तिथंच होतो.

"आप्पा, औंदा जमायचं न्हाई," साडू एका दमात म्हणाले.

"आजारी हायेस का?"

"न्हाई."

"मग?"

"पोरीच्या मॅची असत्यात. मला बघायच्यात."

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली, बाहेर गेले, एक फोन केला आणि परत येऊन उरलेला चहा प्याले. "बरं झालं लवकर सांगितलंस. झाली सोय." तोवर चहा निवलाही नव्हता. आप्पा गेल्यावर साडू माझ्याकडं वळले. "पंधरा वर्सं मला वाटत व्हतं, माझ्यावाचून यात्रा अडंल. दोन मिन्टं लागली वो!" दोन दिवस ते रुसून होते, कुणावर ते त्यांनाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी अकरा तास झोपले आणि उठल्यावर एकटेच हसत बसले, असं त्यांच्या बायकोनं फोनवर कळवलं. तीही हसत होती.

त्या हंगामातला मुलीचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. प्रेक्षकांतून ते असे ओरडत की पंचांनी दोनदा ताकीद दिली. संघातल्या पोरी त्यांना 'काका, हळू' म्हणूनच ओळखू लागल्या. मग जूनमध्ये मुलगी पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात गेली. घर शांत झालं, आणि आता कुठं मोकळ्या झालेल्या संध्याकाळी रिकाम्याच राहू लागल्या. आता त्यांची सुट्टी असली की ते पुण्याला जातात. गेल्या खेपेला मीही सोबत होतो. तिला अर्धा तास मिळाला. गेटजवळच्या कट्ट्यावर बसून ती प्रॅक्टिसचं, मैत्रिणींचं, मेसच्या आमटीचं, कशाकशाचं सांगत राहिली, आणि आख्खा मांडव हलवणारे आमचे साडू नुसते "बरं, मग?" म्हणत ऐकत राहिले.

परतीच्या वाटेवर यवत मागं पडलं. साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लई बोलती वो ती. मला म्हाईतच नव्हतं."