आपोआप साठलेली पानं

मी ज्या पोर्टलसाठी लिहायचे ते एका सकाळी उघडलंच नाही. मालकांनी कुणालाही न सांगता ते बंद करून टाकलं होतं. कित्येक वर्षांचे माझे लेख त्याच्याबरोबर गेले. तेव्हापासून धास्तीच बसली. आज वाचलेलं पान उद्या असेलच असं नाही, या विचारानं वाचतानासुद्धा जीव थाऱ्यावर नसायचा. मग एका मैत्रिणीनं ब्राउझरमध्ये टाकायचं एक एक्स्टेंशन सुचवलं. बटण दाबलं की समोरचं पान फोटोंसकट आपल्या लॅपटॉपवर सेव्ह होतं. त्यात आणखी एक सोय होती, बटणही दाबायला नको, उघडाल ते पान आपोआप सेव्ह. मी ती सुरू केली आणि विसरून गेले.

बाबा गेल्यावर आई चांदवडचं घर विकून नाशिकला माझ्याकडे राहायला आली होती. मी दुपारी बाहेर पडले की ती माझा लॅपटॉप घेऊन बसायची. बातम्या वाचते, म्हणायची.

लॅपटॉपमधली जागा संपत आली म्हणून एका रविवारी मी सेव्ह झालेली पानं पुसायला बसले. माझी पानं ओळखू येत होती. मधेच ‘चांदवडमध्ये भाड्याने खोली’ दिसलं. पुढे तसंच आणखी एक. मग एसटीचं वेळापत्रक, गॅसचं कनेक्शन दुसऱ्या गावी कसं न्यायचं त्याची माहिती. आणि एका सल्ल्याच्या सदरातलं पान: मुलांना न दुखावता वेगळं राहायचं कसं सांगावं.

मी लॅपटॉप मिटला. परत उघडला. कुठं काय चुकलं, ते आठवत राहिले. परवा मी भाजीवरून बोलले होते, ते लागलं असेल? ती पोळ्या करायला उठली की मी तिला बसवते, ते? दोन दिवस मी तिच्याकडे नुसती बघत होते. तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना राहवलं नाही.

“आई, तू चांदवडला खोली बघतेयस?”

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

मी एक्स्टेंशनचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी जे बघेन ते तुझ्याकडे साठत होतं?”

“आपोआप गं. मी मुद्दाम नाही केलं.”

“पण वाचलंस ना?”

तिनं टॉवेल झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि आत निघून गेली. संध्याकाळी चहा घेताना आपणहून बोलली.

“तुझं काही चुकलेलं नाही. सगळं हातात देतेस, तेच मला सोसत नाही. तिथं बाजारात गेलं तर चार जणी थांबवतात. माझ्या अंगणवाडीतल्या पोरी आता आया झाल्यात, त्या हाक मारतात. इथं लिफ्टमध्येसुद्धा कुणी बोलत नाही.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“कसं सांगायचं तेच तर शोधत होते!”

मला हसू आलं आणि रडूही. त्या रात्री मी ती सोय बंद केली. तिची पानं मात्र तिला विचारून पुसली. “वेळापत्रक राहू दे,” ती म्हणाली.

खोली बियाण्यांच्या दुकानाच्या वर मिळाली. मी जिना तपासला, नळ तपासला, खिडकीचे गज हलवून पाहिले. आई खाली घरमालकिणीशी बोलण्यात रंगली होती, माझ्या हाकाही तिला ऐकू गेल्या नाहीत. सामान लावून मी एकटीच हायवेला लागले. पिंपळगावपर्यंत दोनदा गाडी बाजूला घेऊन तिला फोन केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “अगं, शेजारीण आलीय. नंतर बोलू.”